टोप परत आणलाय, बाबलकाका

बाबलकाका, तुमचा भाताचा टोप तुमच्या घरी पोचला. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली काही वर्षं भेट झाली की तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा. "गो वैशाली, माझो टोप खंय?" सदानंदचा फोन आला का, प्राचीचा अभ्यास कसा चाललाय, हे सगळं त्यानंतर.

काल तुमचं कार्य झालं. तुमच्या मुलाने, विनयने सगळं नीट केलं, मुंबईला राहूनही त्याला काही विचारावं लागलं नाही. संध्याकाळी शाळेत शोकसभा झाली. भाषणं झाली. एकाने तुम्हाला 'थोर समाजसेवक' म्हटलं, तेव्हा मागे बसलेले रापणीचं जाळं ओढणारे लोक एकमेकांकडे बघायला लागले. तुम्ही असता तर शेजारच्याला मोठ्याने विचारलं असतं, "कोण रे तो?" मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. तुमच्याबद्दल बोलायची मला सवय नाही, तुमच्याशी बोलायची आहे, आणि तेही बहुतेक भांडायचीच.

पहिलं भांडण बांगड्यांवरून झालं. सदानंदची बदली त्या वर्षी जिथे बायकापोरं नेता येत नाहीत अशा ठिकाणी झाली. तोवर आम्ही त्याच्याबरोबर गावोगावच्या क्वार्टर्समध्ये राहिलो होतो. मी प्राचीला घेऊन तोंडवलीला आले, सासऱ्यांचं बंद घर उघडलं, ओरोसला एका कार्यालयात काम धरलं. माझं माहेर कुडाळकडचं, भातशेतीचं. समुद्र बघायला मला आवडायचा, त्याच्याशी संबंध ठेवायची इच्छा नव्हती. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर केळीच्या पानावर बांगडे. चांगले, ताजे, डोळे चकचकीत असलेले. मी पान उचललं आणि थेट किनाऱ्यावर आले. रापण नुकतीच ओढून झाली होती, तुम्ही वाळूत उकिडवे बसून वाटे करत होता.

"ह्ये कोणी ठेवले?"

"रापणीचो वाटो तो," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

"आमच्या घरातल्या कोणी दोरीक हात लावक नाय."

"सदो थंय हात लावन उभो आसा मा. लष्करातल्या माणसाच्या घराचो वाटो हंय पडता. माझ्या बापाशीच्या येळेपासून."

मी म्हटलं, फुकटचं मला चालत नाही. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. "फुकट कोण देता? उद्या फाटफटी ये. दोरी धर. चेडवाक पण आण."

तुम्हाला वाटलं असेल, ऑफिसात जाणारी बाई आहे, येणार नाही. मी आले. प्राची डोळे चोळत माझ्या मागे. दोन रांगा, दोन दोऱ्या, मध्ये पाण्यात लांबवर अर्धगोल जाळं. थोड्याच वेळात माझे तळहात सोलले आणि तुम्ही पलीकडच्या रांगेतून ओरडलात, "हातान नको ओढू गो, पायान ओढ." ते कसं करायचं ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी माझा वाटा स्वतःच्या हाताने उचलून घरी नेला, हात जळत होते तरी. पुढे सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी दोरीवर असायचो. बाकीच्या दिवशी वाटा पायरीवर यायचा आणि मी तो घ्यायचे, कारण रविवारचं ओढलेलं त्यात जमा आहे असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तुमचा हिशेब वेगळा होता. तुमच्या मते वाटा घराचा होता, ओढणाऱ्याचा नव्हता. तो वाद आपण कधी मिटवला नाही.

प्राचीला तुम्ही काय दिलंत ते मला त्या वेळी समजलं नव्हतं. वर्गात कोणी विचारलं की तुझे बाबा कुठे आहेत, तर ती गप्प व्हायची. घरातही त्यांचं नाव निघालं की उठून जायची. आम्ही मोठी माणसं तिच्यासमोर जपून बोलायचो. तुम्ही जपला नाहीत. दोरी ओढता ओढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तुझ्या बापाशीक ह्या कधी जमला नाय. पाय घसरायचे त्येचे. तोंडार पडायचो. शेवटी म्हटलंय, बाबा रे, तू आपलो सैन्यातच जा."

प्राची आधी चिडली आणि मग हसली. रात्री फोनवर तिने बापाला विचारलं, तुम्ही खरंच तोंडावर पडायचात का. सदानंद म्हणाला, बाबलकाकांना सांग, दोरी ते सोडायचे म्हणून मी पडायचो. दुसऱ्या दिवशी निरोप तुमच्यापर्यंत, मग तुमचा निरोप परत तिकडे. असं महिनोन् महिने चाललं. बाप घरात नव्हता, पण त्याच्यावरून भांडण रोज घरात होतं, आणि त्या पोरीला तेवढं पुरत होतं.

तो रजेवर आला की वाटा बंद. पहिल्या रजेत मला वाटलं तुम्ही विसरलात. सदानंद दोन दिवसांच्या प्रवासाने अंग दुखतंय म्हणून पडवीत आडवा झाला होता. तुम्ही पाणंदीतूनच हाक मारलीत.

"सदा, रजेवर आसय मा?"

"व्हय काका."

"मगे निजलंस कित्याक? आता तुझो हात हंय आसा. ये ओढूक."

बिचाऱ्याची निम्मी रजा दोरीवर गेली. मी तुम्हाला म्हटलं, जरा विश्रांती घेऊ द्या त्याला. तुम्ही म्हणालात, घरात नुसता बसला तर चार दिवसांत पाहुणा होईल. मला ते पटलं नाही. सदानंदला पटलं. तो पहाटे माझ्याआधी उठून जायला लागला.

बाकीची तुमची कामं मी मोजत नाही. ओरोसची बस मला चुकणार असं दिसलं की तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहायचात आणि ड्रायव्हरशी गजाली करायचात, मी पोचेपर्यंत. शाळा सुटल्यावर प्राचीने वाडीतल्या रुक्मिणीमावशीकडे बसायचं, हे तुम्ही मला न विचारता ठरवलंत. मी त्यावरूनही भांडले, आणि मग प्राची तिथेच बसायला लागली, कारण तीच जागा सगळ्यात चांगली होती.

आता तो सोमवार.

टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या सुरू झाल्या आणि सदानंदचा फोन लागेनासा झाला. मी टीव्ही बंद करून ठेवला, ऑफिसला जात राहिले, प्राचीला शाळेत पाठवत राहिले. माझ्याकडून एकच काम होईना, स्वयंपाक. पोरीपुरतं काहीतरी करायचे आणि चूल पुसून ठेवायचे. वाटा येत होता. तो मी मागच्या दारी मांजरांना घालत होते. मागच्या दारी कोण बघतंय, असं मला वाटलं. तुम्ही बघत होता.

त्या सोमवारी कसलीशी सुट्टी होती. मी घरापुढच्या खळ्यात कपडे वाळत घालत होते. पाणंदीतून तुम्ही येताना दिसलात. डोक्याला पंचा गुंडाळलेला, दोन्ही हातांत मोठा टोप, टोपावर ताट झाकलेलं, कोपरात किटली अडकवलेली. सावकाश, एकेक पाऊल जपून टाकत. आणि तुमच्या मागे माणसं. रुक्मिणीमावशी तोंडाला पदर लावून. तिच्या मागे तिची सून, मग वरच्या घरातले दोघे, मग आणखी. कोणी एक शब्द बोलत नव्हतं.

आपल्या वाडीत वाटीभर कालवण इकडून तिकडे रोजच जातं. पोरं नेतात, बायका नेतात, त्याकडे कोणी बघतही नाही. पण झाकलेला भाताचा टोप घेऊन बाप्या माणूस भर सकाळी कोणाच्या घराकडे निघाला, तर ते घर कसलं असतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. ज्या घरात माणूस गेलं, ज्या घरात चूल पेटवायची नाही, त्या घराचं ते जेवण. तुम्ही स्वतः असे टोप किती घरांत पोचवले होतेत. म्हणून तुम्ही टोप घेऊन बाहेर पडलात तशी घराघरांतून माणसं उठून तुमच्या मागे लागली. तुमचा डावा कान गेलेला, नजर टोपावर. तुम्ही एकदाही वळून बघितलं नाहीत.

मी धुण्याच्या दगडावर बसले. सदानंदचाच शर्ट हातात होता, ओला. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात.

"कदी?" मी विचारलं.

"आत्ताच चुलीवरसून उतरवलंय. गरम आसा."

"कोणी कळवला?"

"कोण कळवतलो? मांजरां बघितलंय मा मी."

तेवढ्यात तुमच्या मागे रुक्मिणीमावशीने "अरे माझ्या सदा" म्हणून गळा काढला. तुम्ही दचकलात, वळलात, आणि ती सगळी रांग बघितलीत. टोप हातात तसाच धरून विचारलंत, "कोण ग्येलो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुमच्याकडे. शेवटी मीच म्हटलं, "काका, कोण जावक नाय तर तुमी टोप घेवन कित्याक इलात?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग टोपाकडे. काय झालं ते तुमच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं, ते मला अजून दिसतं. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी म्हटलं नसतं. "सोमवार आसा गो. मासे कसे आणतलंय?"

खरं होतं. तुम्ही माशाचं तिखलं आणलं असतंत तर लांबूनच वासावरून मला कळलं असतं की नवरा जिवंत आहे. पण सोमवारी तुमच्या घरात मासळी शिजत नाही, म्हणून किटलीत डाळ आणि टोपात भात. नेमकं तेच, जे तशा घरात नेतात.

मी काय काय बोलले ते सगळ्या वाडीने ऐकलंय, ते इथे पुन्हा लिहीत नाही. त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही. तुम्ही टोप हातात धरून ते सगळं ऐकून घेतलंत. प्राची बाहेर आली होती. तिला मी दोनदा सांगितलं, बाबांना काही झालेलं नाही, काकांनी जेवण आणलंय. तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की मी ते मलाच सांगतेय.

मग रुक्मिणीमावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता इलंव आसंव तर बसतंव वायच."

सगळे खळ्यात बसले. जेवढी ताटं होती तेवढी काढली, बाकीच्यांना पानं. तुम्ही स्वतः वाढलंत. मी पहिला घास घेतला.

"काका, डाळीत मीठ नाय."

"घातलंय," तुम्ही म्हणालात.

"नाय घातलात."

"घातलंय म्हणून सांगतंय मा?"

तुमच्या तोंडाकडे बघून कोणी पुढे बोललं नाही. मावशीने तुमची पाठ वळल्यावर माझ्या स्वयंपाकघरातून मीठ आणून पानापानावर चिमूट चिमूट ठेवलं. सगळे जेवले. त्या दिवसांतलं माझं ते पहिलं पोटभर जेवण. आणि त्यानंतर फोन येईपर्यंत आमचं खळं एक दिवस रिकामं राहिलं नाही. कोणी काजू सोलायला आणला, कोणी नुसतंच येऊन बसलं. विचारलं कोणीच काही नाही.

फोन त्याच आठवड्यात आला. सदानंद म्हणाला, मी बरा आहे, फार बोलता येणार नाही. मी म्हटलं, बरा आहेस ते ठीक, पण वाडीने तुझं जेवण जेवून घेतलंय. आणि काय झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "सोमवार होतो काय?"

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जिंकल्यासारखे हसलात. "बघ. त्येका कळला. तुका कळाक नाय."

"मंगळवारी येवचा होता तुमी."

"मंगळवारपर्यंत मांजरां फुटली असती."

किटली तुम्ही त्या दिवशीच परत नेलीत. टोपात भात उरला होता म्हणून टोप राहिला. रिकामं भांडं कोणाचं परत देत नाहीत, म्हणून मी त्यात आमच्या माहेरचे तांदूळ भरून आणले. तुम्ही पडवीतूनच परत पाठवलंत. "टोप जेवणान भरून इलेलो. जेवणानच भरून जावक होयो." मी म्हटलं, तुमच्या दारात मी शिजलेल्या भाताचा टोप आणला तर वाडी माझ्या मागून चालत येईल. तुम्ही म्हणालात, येवंदे, सगळे जेवतील. मी म्हटलं, तुम्ही जिवंत असेपर्यंत तरी मी ते करणार नाही. तुम्ही म्हणालात, "मगे रव दे थंयच."

तो राहिला. मी त्यात रोज भात करत होते, हे तुम्हाला माहीत होतं. बुडाला एका बाजूला पोचा आहे, त्यामुळे तिथला भात जरा करपतो आणि प्राचीला तेवढाच आवडतो.

सदानंद निवृत्त होऊन घरी आला तेव्हा आमचा वाटा कायमचा बंद झाला. पहिल्याच सकाळी तुम्ही त्याला दोरीवर उभं केलंत आणि आमच्या पायरीवरचा वाटा शेजारच्या दीपालीच्या पायरीवर गेला. तिचा नवरा नौदलात, बोट कुठे आहे ते तिला सांगत नाहीत. तीही पहिल्या दिवशी मासे घेऊन भांडायला आली होती. तुम्ही मला हाक मारलीत, "वैशाली, हिका सांग." मी काय सांगणार? मी तिला म्हटलं, उद्या पहाटे ये, आणि हाताने ओढू नको. आता रापण पूर्वीसारखी लागत नाही. बऱ्याचदा ओढणाऱ्यांत फोटो काढायला आलेले पर्यटकच जास्त, त्यांनाही तुम्ही एकेक बांगडा वाटा म्हणून द्यायचात आणि तो धरायचा कसा हे त्यांना कळायचं नाही. पण जे लागतं त्यातून दीपालीचा वाटा निघतो. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रापणीत वाटे सदानंदने केले. तिचा त्याने सगळ्यात आधी काढला.

तुमचे आभार मी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही "वायच गप रव" म्हटलं असतंत, म्हणून त्याची खंत नाही. विचारायचं मात्र एक राहिलं. काकी गेल्यापासून तुम्ही स्वतः रांधत होता. तुमच्या हातचं मी नंतरही पुष्कळ खाल्लं, वाटी वाटी. मीठ कधी कमी नाही, कधी जास्त नाही. मग त्या सोमवारीच काय झालं होतं?

तुम्ही गेलात त्या दुपारी जेवून पडवीत आडवे झाला होता. उठला नाहीत. इतकं सोपं जाणं कोणाला मिळत नाही, आणि तुम्ही आयुष्यात दुसरं काही इतक्या मुकाट्याने केलेलं मला आठवत नाही. विनय आणि त्याची बायको अश्विनी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचले. तुम्हाला नेऊन सगळे परत आले, आणि मी चुलीवर भात ठेवला. वार बुधवार होता, किनाऱ्यावर ताजे बांगडे आले होते. मी डाळ केली. टोप कोणता घ्यायचा हे ठरवावं लागलं नाही.

झाकण ठेवलं, दोन्ही हातांनी उचलला, कोपरात किटली अडकवली. मोठा टोप घेऊन चालताना तुम्ही एवढे सावकाश का आलात ते मला पाणंदीत कळलं. घाई केली तर वाफ तोंडावर येते. रुक्मिणीमावशी तिच्या दारातून उतरली आणि माझ्या मागे चालू लागली. मग तिची सून, मग वरच्या घरातले, मग प्राची आणि सदानंद. मी वळून बघितलं नाही, पण पावलं ऐकू येत होती. या वेळी कोणाची चूक झाली नव्हती.

अश्विनीने दारात टोप घेतला. मुंबईतच वाढलेली पोर, तिला आमची भांडी कशी ठाऊक असणार. "ताई, टोप कुणाचा आहे? घासून परत द्यायला हवा ना."

"तुमचाच आहे," मी म्हटलं. "फळीवर ठेव."

सगळे तुमच्या पडवीत बसले. मी वाढलं. विनयने चार घास खाल्ले, मग रुक्मिणीमावशी माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "वैशाली, डाळीत मीठ नाय गो."

"घातलंय," मी म्हटलं.